अलीगढची जमा आणि येणे

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध तीन मतांनी एक जुना निकाल मोडीत काढला. तो निकाल १९६७ सालचा, अझीझ बाशा खटल्यातला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ १९२० च्या कायद्याने जन्माला आले, तेव्हा ते मुसलमानांनी ‘स्थापन’ केले असे म्हणता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. नव्या निकालातले बहुमत म्हणते, कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला म्हणून संस्थेचे मूळ पुसले जात नाही. कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली, पैसा कोणी उभा केला, हे तपासले पाहिजे. ही तपासणी करून प्रत्यक्ष अलीगढचा निवाडा करण्याचे काम मात्र पीठाने दुसऱ्या, नियमित पीठाकडे सोपवले.

वाहिन्यांवर मग नेहमीप्रमाणे आवाज झाला. कोणी सर सय्यद अहमद खान यांना फाळणीचे आजोबा ठरवले, तर कोणी पैगंबरांच्या खालोखाल बसवले. ज्याने आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे बँकेत जमाखर्च पाहण्यात घालवली, त्याला या आरडाओरड्यापेक्षा न्यायालयाचा प्रश्न जास्त भावतो. पैसा कोणाचा? आणि बँकेत त्याच्या पाठोपाठ विचारतात तो दुसरा प्रश्न : कोणासाठी?

सय्यद अहमद यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८१७ चा, दिल्लीचा. आजोळ मोगल दरबारातले. आईचे वडील ख्वाजा फरीद हे बादशहा दुसरा अकबरशहा याचे वजीर होते. पण तोवर बादशाही लाल किल्ल्याच्या भिंतींत मावण्याएवढी उरली होती. वडील वारल्यावर १८३८ मध्ये तरुण सय्यद अहमद यांनी घरच्यांच्या नाराजीला न जुमानता कंपनी सरकारच्या न्यायखात्यात नोकरी धरली. मुन्सफ झाले, बदल्यांच्या गावी राहिले. फावल्या वेळात दिल्लीच्या इमारतींवर ‘आसार-उस-सनादीद’ हा ग्रंथ लिहिला, ‘आईन-ए-अकबरी’ संपादित केली. त्या संपादनाला गालिबने जी प्रस्तावना लिहून दिली तीत कौतुकाऐवजी कानउघाडणी होती. जुनी बाडे कसली चाळतोस, साहेब लोकांनी वाफेवर काय काय चालवले आहे ते बघ, असा तिचा रोख. सय्यद अहमद यांनी ती छापली नाही. गालिबचे म्हणणे त्यांना पटायला १८५७ यावे लागले.

त्या वर्षी ते बिजनोरला सदर अमीन होते. तिथल्या गोऱ्या कुटुंबांचे प्राण त्यांनी वाचवले. इकडे दिल्ली पुन्हा जिंकणाऱ्या इंग्रज फौजेने त्यांच्या नात्यातली माणसे मारली. आई मोतद्दाराच्या खोलीत लपून घोड्याच्या दाण्यावर दिवस काढत होती. मुलाने तिला मेरठला नेले, तिथे ती लवकरच वारली. बक्षीस म्हणून देऊ केलेली एका बंडवाल्याची जहागीर त्यांनी नाकारली. देश सोडून मिसरला जावे असाही विचार मनात आला होता. तो सोडून त्यांनी ‘असबाब-ए-बगावत-ए-हिंद’ लिहिले. बंडाचे कारण सरकारच्या कारभारात आहे, कायदे करणाऱ्या सभेत एकही हिंदी माणूस नसल्याने रयतेचे मन सरकारला कळलेच नाही, असे त्यांनी साफ मांडले. फासावरची प्रेते अजून लोकांच्या डोळ्यांपुढे होती, त्या काळातले हे लिखाण. मित्रांनी ते जाळून टाकायला सांगितले. त्यांनी प्रती छापल्या आणि इंग्लंडला व सरकारला पाठवल्या. सर सय्यद यांना ‘इंग्रजांचा हुजऱ्या’ म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा हाती घ्यावे.

त्यांनी दुखणे ओळखले ते असे. उत्तर हिंदुस्थानातल्या खानदानी मुसलमानांचे भांडवल म्हणजे जमीन आणि दरबारची किंवा कचेरीची नोकरी. १८३७ मध्ये कचेरीतली फारसी गेली, १८५७ नंतर विश्वासही गेला. बंगालमधला हिंदू इंग्रजी शिकून पुढे निघून गेला होता. इकडचा मियाँ मात्र इंग्रजी शिकणे म्हणजे धर्म बुडवणे असे मानून घरी बसला होता. गाझीपूरला सय्यद अहमद यांनी १८६४ मध्ये इंग्रजी ग्रंथांच्या भाषांतरासाठी सायंटिफिक सोसायटी काढली. तिच्या कामात हिंदू-मुसलमान दोघेही होते. बदली अलीगढला झाली तशी सोसायटीही अलीगढला गेली.

१८६९ च्या एप्रिलमध्ये दोन मुलांना घेऊन ते आपल्या मुंबई बंदरातून ‘बडोदा’ नावाच्या बोटीने विलायतेला निघाले. त्यासाठी कर्ज काढले, घर गहाण टाकले. लंडनमध्ये सर विल्यम म्यूर यांच्या पैगंबरचरित्राला उत्तर लिहायला बसले आणि पैसे संपले, तेव्हा पुस्तके आणि घरातली भांडी विका, असे त्यांनी मित्राला कळवले. केंब्रिज पाहिले आणि डोक्यात आराखडा पक्का झाला. परतल्यावर १८७० च्या डिसेंबरात ‘तहझीब-उल-अखलाक’ हे मासिक सुरू झाले. २४ मे १८७५ रोजी अलीगढला शाळा उघडली. ८ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटनच्या हस्ते मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची पायाभरणी झाली.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात रोचक वाटतो. कारण आपल्याकडे सुधारकांची चरित्रे विचारांवर पानेच्या पाने खर्च करतात आणि वर्गणीची वही मात्र कपाटात ठेवतात. साठीतला, पांढऱ्या दाढीचा, सरकारी मानमरातब मिळालेला हा माणूस कॉलेजसाठी अक्षरशः झोळी घेऊन फिरला. लॉटरी काढली, त्यावर मौलवी जुगार म्हणून तुटून पडले. अलीगढच्या प्रदर्शनात पुस्तकांचे दुकान मांडले. गरीब विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी नाटकाचा खेळ लावला आणि स्वतः रंगमंचावर उभे राहिले. सय्यद घराण्यातल्या म्हाताऱ्याने तमाशात उभे राहावे, ही त्या समाजातली केवढी नामुष्की! वहीत नावे कोणाकोणाची? मुसलमान नवाब, जमीनदार तर होतेच; पतियाळाचे महाराज होते, विजयनगरमचे महाराज होते. मुलांचे म्हणाल तर या कॉलेजचा पहिला पदवीधर, १८८१ चा, ईश्वरी प्रसाद नावाचा हिंदू होता.

शिव्याही तितक्याच मिळाल्या. सृष्टीचे नियम म्हणजे ईश्वराची कृती आणि कुराण म्हणजे ईश्वराची वाणी, तेव्हा दोन्हींत विरोध असूच शकत नाही, असे ते म्हणत. यावरून ‘नेचरी’ हे नाव चिकटले. त्यांच्याविरुद्धचा फतवा थेट मक्केहून आणला गेला. यावर त्यांनी व्यवहारी तोड काढली. कॉलेजातले धर्मशिक्षण त्यांनी आपल्या हाती ठेवलेच नाही, सनातनी मौलवींच्या स्वाधीन केले. म्हणजे मुलांना गणित, इंग्रजी मिळाले. सर सय्यद यांचा इस्लाम मात्र मिळाला नाही. संस्था वाचवण्यासाठी त्यांनी मोजलेली ही किंमत मला फार मोठी वाटते.

१८९५ मध्ये कॉलेजच्या हेडक्लार्कने एक लाखाहून जास्त रुपयांची अफरातफर केल्याचे उघडकीला आले. ज्याच्यावर पूर्ण भरवसा तोच हात मारतो, हा अनुभव बँकेत नोकरी केलेल्या कोणालाही नवा नाही. पण म्हातारा खचला. २७ मार्च १८९८ रोजी त्यांना मरण आले तेही स्वतःच्या घरी नव्हे, एका मित्राच्या घरी. पुढे विद्यापीठासाठी सरकारने तीस लाखांची अट घातली, तेव्हा आगाखान गावोगाव फिरले आणि वर्गणी जमली. न्यायालय पैसा कोणाचा हे विचारत असेल, तर वह्या बोलतात.

आता दुसरा प्रश्न, कोणासाठी. १८८२ मध्ये सरकारने हंटर शिक्षण आयोग नेमला. सर सय्यद यांनी या आयोगापुढे साक्ष दिली आणि पुण्याहून जोतीराव फुल्यांनीही याच आयोगाला निवेदन दिले. वरच्या वर्गाला शिकवले की विद्या खाली झिरपते हे खोटे आहे, पैसा प्राथमिक शाळांत घाला, असे फुले सांगत होते. सर सय्यद यांचा सिद्धांत नेमका उलटा. शरीफ घराण्यातली मुले आधी उच्च शिक्षण घेतील आणि बाकीच्यांचे मग त्यांच्यामागून होईल. १८८७ च्या लखनौच्या भाषणात, हलक्या कुळातला माणूस परीक्षा देऊन व्हाइसरॉयच्या सभेत बसावा ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती.

विणकरांचेच पाहा. विलायती मालाने हिंदी विणकराचा धागा तोडला हे ‘असबाब’मध्ये त्यांनीच नोंदवले. त्याच ठिकाणी बंडात उतरलेल्या विणकरांविषयी मात्र शिवी वापरली. यातलेच हजारो मोमीन विणकर १८५७ नंतर उत्तरेकडून पायी निघाले आणि मालेगाव, भिवंडीला येऊन स्थिरावले. अलीगढ त्यांच्या वाटेवर कधी लागले नाही.

उत्तर महाराष्ट्रातल्या यंत्रमागांच्या एका गावात मी काही वर्षे नोकरी केली. ज्या बँकेत होतो तिचे नाव सांगत नाही. तिच्या वरच्या कचेरीत गावाचा एक नकाशा होता आणि काही मोहल्ल्यांभोवती पेन्सिलीने गोल काढलेले होते. लेखी हुकूम कुठेही नव्हता. गोलातला अर्ज मात्र वरून परत येई. चार मागांचा एक मालक आपल्या दहावीतल्या मुलीला बरोबर आणायचा. फॉर्मवरच्या इंग्रजी अटी ती एकेक वाचून बापाला सांगे आणि मग मला प्रश्न विचारी. तसे प्रश्न आमच्या ट्रेनिंग कॉलेजातही कोणी विचारले नव्हते. पुढे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात वाचले की, काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना ‘निगेटिव्ह झोन’ ठरवले आहे. म्हणजे ती पेन्सिल आमच्याच कचेरीत नव्हती. मुस्लिम मुले मदरशांतच जातात हा आपला लाडका समजही सच्चर यांनी खोडला. शाळेच्या वयातली फक्त तीन टक्के मुले मदरशात होती. बाकीची साध्या शाळेत जात होती आणि मध्येच गळत होती.

काँग्रेसशी झालेल्या भांडणावर फार शाई सांडली आहे, म्हणून थोडक्यात. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी. दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत दोघांत पत्रव्यवहार झाला. हिंदुस्थान एक राष्ट्र नाही, मग राष्ट्रीय सभा कसली, असे सर सय्यद यांचे म्हणणे. आक्षेप असतील तर आत येऊन मांडा, असे तय्यबजींचे. मोजदादीच्या राजकारणात आपली माणसे बुडतील ही सर सय्यद यांची भीती खरी होती. पण ती भीती त्यांनी तत्त्व करून ठेवली आणि पुढच्यांनी त्याचे काय केले हे सर्वांना ठाऊक आहे. तय्यबजींनी मुंबईत १८७४ पासून अंजुमन-ए-इस्लाम उभारली, काँग्रेसही सोडली नाही. १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात जामीन दिला तो याच न्यायमूर्ती तय्यबजींनी, ही आठवण मराठी माणसाने ठेवायला हवी. त्यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले होते. सर सय्यद यांनीच सुरू केलेल्या शिक्षण परिषदेचे मुंबई अधिवेशन १९०३ मध्ये झाले, तेव्हा अध्यक्षपदावरून ते पडद्याविरुद्ध बोलले.

कारण वहीतली सगळ्यात मोठी बाकी बायकांची होती. आधी पुरुष शिकू देत, मग तेच घरच्या बायकांना शिकवतील, असे सर सय्यद म्हणत राहिले. लाहोरचे मौलवी मुमताज अली यांनी बायकांच्या हक्कांवरचे आपले हस्तलिखित त्यांना मोठ्या आशेने दाखवले. सर सय्यद वाचता वाचता लालबुंद झाले, कागद फाडून टोपलीत टाकले. मुमताज अलींनी ते तुकडे उचलून नेले आणि सर सय्यद गेल्यावर १८९८ मध्ये पुस्तक छापले. अलीगढमध्येच शिकलेल्या शेख अब्दुल्ला यांनी पत्नी वहीद जहाँ यांच्यासह १९०६ मध्ये तिथे मुलींची शाळा उघडली. १९२० मध्ये विद्यापीठ झाले, तेव्हा पहिल्या कुलपती झाल्या भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम.

२०११ च्या जनगणनेत मुसलमान १४.२ टक्के होते. २०२१-२२ च्या उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीत एकूण ४.३३ कोटी विद्यार्थी होते, त्यांत मुसलमान २१ लाखांच्या आसपास, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. दीडशे वर्षांनंतर हा आकडा पाहून कोणाचीही मान खाली जाईल. मात्र तक्त्याचा पुढचा रकानाही वाचावा. या २१ लाखांत साडेदहा लाख मुली आहेत, जवळजवळ निम्म्या. पुरुष आधी शिकतील आणि मग बायकांना शिकवतील, हा हिशेब मुलींनी वाट न पाहता बाजूला ठेवला आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये अलीगढच्या कुलगुरुपदावर प्रथमच एका स्त्रीची नेमणूक झाली, प्रा. नईमा खातून यांची. कुलगुरू होण्याआधी त्या जिथे प्राचार्य होत्या ते विमेन्स कॉलेज म्हणजे शेख अब्दुल्ला आणि वहीद जहाँ यांनी उघडलेली तीच शाळा.