‘मस्तीखोर’ हे निदान नव्हे

‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही. एका जागी बसत नाही. घरी समज द्यावी.’ कुठल्याही शाळेतल्या डायऱ्या चाळा, हा शेरा हमखास सापडेल. शेरा लिहिणाऱ्या बाईंनी खोटं काहीच लिहिलेलं नसतं, जे दिसलं तेच लिहिलेलं असतं. माझा आक्षेप फक्त शेवटच्या तीन शब्दांना आहे. ‘घरी समज द्यावी’ म्हणताना आपण धरून चालतो की मुलाला समज नाही, किंवा समज असूनही ते मुद्दाम तसं वागतं. पुष्कळ मुलांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण वर्गात एखाददुसरं मूल असं असतं, ज्याला काय करायचं ते पक्कं ठाऊक असतं, करायची इच्छाही असते, आणि ऐन वेळी ते त्याच्या हातून होत नाही. समज दिल्याने त्याच्यात फरक पडत नाही, कारण समज त्याच्याकडे आधीच आहे. या अवस्थेला डॉक्टर एडीएचडी म्हणतात. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर मुलांमधलं तिचं प्रमाण साधारण ५ टक्के भरतं. चाळीसच्या वर्गात अशी सरासरी दोन मुलं. शेऱ्यांच्या गर्दीत ती दोन मुलं हरवतात, आणि त्यांना हरवू देणारी काही लाडकी मतं आपण घरोघरी जपून ठेवली आहेत.

त्यातलं पहिलं मत असं की आमच्या वेळी असलं काही नव्हतं, हे अमेरिकेतून आलेलं खूळ आहे, औषध कंपन्यांनी गोळ्या खपवायला काढलेलं. औषध कंपन्यांवर संशय घ्यायला माझी मुळीच हरकत नाही. पण निदान सनावळी तरी बघावी. अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ साली आपल्या ग्रंथात कशावरच चित्त ठरत नसलेल्या माणसांचं वर्णन केलं आणि ही अवस्था जन्मजात असू शकते, असंही लिहून ठेवलं. १८४०च्या दशकात हाइनरिश हॉफमन या जर्मन डॉक्टरने मुलांच्या चित्रपुस्तकात एक फिलिप रंगवला. तो जेवताना खुर्ची झुलवत राहतो आणि अखेर टेबलावरच्या कापडासकट सगळं जेवण ओढून खाली घेतो. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने व्याख्यानं दिली, ती बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांविषयी होती. अशा मुलांवर औषधाचा पहिला प्रयोग चार्ल्स ब्रॅडली यांनी केला तो १९३७ साली, आणि आज सर्रास दिलं जाणारं मेथिलफेनिडेट तयार झालं १९४४ साली. मुलं आधीपासून होती, गोळ्या मागाहून आल्या. आमच्या वेळीही ही मुलं होतीच. ती सातवी-आठवीत नापास होऊन शाळेतून गळायची आणि पुढे त्यांचं काय झालं हे कुणी विचारायचं नाही.

दुसरं मत आजी-आजोबांचं. ‘याचा बापही लहानपणी असाच होता. झालाच ना पुढे सरळ?’ हे वाक्य चिंता मिटवायला म्हटलं जातं, पण तपासणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी तो एक महत्त्वाचा धागा असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात आहे. मुलाविषयी बोलता बोलता वडील मध्येच गप्प होतात आणि म्हणतात, ‘मॅडम, हे सगळं माझंही व्हायचं,’ हे मी समुपदेशनाच्या खोलीत पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. त्या माणसाने लहानपणी खाल्लेला मार, सोडलेलं शिक्षण, सतत ऐकलेलं ‘धांदरट’, हे सगळं त्याला त्या क्षणी आठवत असतं. तो ‘सरळ’ झाला असेलही. पण त्याने त्याची जी किंमत मोजली, ती आजीच्या वाक्यात नसते.

‘मोठा झाला की सुधारेल’ यात मात्र थोडं तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी निम्म्या भागांत कमाल पातळीला पोचायला सर्वसाधारण मुलांना साडेसात वर्षं लागली, एडीएचडी असलेल्यांना साडेदहा. ही दिरंगाई सर्वांत जास्त दिसली ती मेंदूच्या पुढच्या भागात, जिथून आवरणं, थांबणं, आखणी करणं चालतं. वाढीचा क्रम तोच होता, फक्त उशिराचा. वय वाढतं तशी धावाधाव कमी होतेही. पण कामं अर्धवट राहणं, वेळेचा अंदाज चुकणं, वस्तू हरवणं हे अनेकांच्या बाबतीत मोठेपणीही सुटत नाही. आणि शाळा तीन वर्षं थांबत नाही. तिसरी, चौथी, पाचवी या वर्षांत मूल स्वतःविषयी जे मत बनवतं, ते पुढे पुसायला फार कष्ट पडतात.

सगळ्यात बिनतोड समजला जाणारा युक्तिवाद मोबाइलचा. ‘गेम खेळताना दोन-दोन तास हलत नाही. मग अभ्यासालाच बरं लक्ष लागत नाही?’ आई-वडिलांचा हा त्रागा मला समजतो. डोळ्यांना जे दिसतं त्यावरून दुसरा निष्कर्ष निघणं अवघड आहे. पण एडीएचडीत लक्ष मुळातच नसतं, असं कुणीच म्हणत नाही. लक्ष आपल्या मर्जीने वळवणं, नको तिथून काढणं आणि कंटाळवाण्या कामावर धरून ठेवणं जमत नाही, अशी ती अडचण आहे. गेममध्ये दर काही सेकंदांनी काहीतरी मिळतं: गुण, आवाज, नवी पातळी. तिथे लक्ष धरून ठेवायचं काम गेमच करतो. पाढे लिहिताना ते काम मुलाला स्वतः करावं लागतं, बक्षीस दूर कुठेतरी सहामाहीच्या निकालात असतं. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानग्रंथात हे स्वच्छ नोंदवलेलं आहे: आवडीचं काम असेल, पडदा समोर असेल, नवी जागा असेल, एकट्याकडे कुणी पूर्ण लक्ष देत असेल, तर लक्षणं फार कमी होतात किंवा दिसतच नाहीत. यातून आणखी एक गोष्ट निघते, ती पालकांनी लक्षात ठेवावी. डॉक्टरांच्या केबिनमध्ये मूल वीस मिनिटं शहाण्यासारखं बसलं, म्हणून काही सिद्ध होत नाही. तिथे जागा नवी, डॉक्टर समोर, आई शेजारी. ‘इथे तर छान बसलाय, तुम्ही उगाच घाबरता’ एवढ्यावर परत पाठवणाऱ्यांकडून दुसऱ्या डॉक्टरकडे जावं.

आईला दोष देणाऱ्यांसाठी फार शब्द खर्च करणार नाही. आई नोकरी करते म्हणून, एकुलतं एक म्हणून, लाड झाले म्हणून एडीएचडी होत नाही. घरातल्या बेशिस्तीने त्रास वाढतो आणि नीट घडीने कमी होतो, इतकंच खरं. धपाट्यांचंही तसंच. मार खाल्ल्यावर मूल काही वेळ गप्प बसतं, ते भीतीने. शाळेत मारणं तर शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानेच बंद केलं आहे.

आता ओळखायचं कसं, याकडे येऊ. चुळबुळ किती, यावरून ओळखायला जाऊ नये. सहा वर्षांचं कुठलंही निरोगी मूल चुळबुळ करतं. तीन गोष्टी विचाराव्यात: कधीपासून, कुठेकुठे, आणि त्यापायी मुलाचं काय नुकसान होतंय. २०१३च्या त्या निदानग्रंथाची कसोटीही याच अंगाने जाते. लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं आणि अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ, यांपैकी एका गटातली निदान सहा, सहा महिन्यांहून जास्त काळ, वयाच्या मानाने जास्त, बारा वर्षांच्या आतच सुरू झालेली, आणि घर, शाळा, मैदान यांपैकी किमान दोन ठिकाणी. फक्त गणिताच्या तासाला दंगा असेल तर आधी तो तास तपासावा. फक्त घरीच असेल तर घरात काय चाललंय ते बघावं.

पाचवीतल्या एका मुलाची गणिताची वही मी पानापानाने पाहिली होती. पहिली तीन उदाहरणं बरोबर, अक्षर वळणदार, समास आखलेला. चौथ्यात अधिकचं चिन्ह असून वजाबाकी केलेली. पाचव्यात फळ्यावरच्या ४७ चे वहीत ७४ झालेले. सहाव्याची नुसती मांडणी. सातव्यापासून पान कोरं. खाली लाल शाईत ‘आळस!’ मी त्याला सातवं उदाहरण तोंडी विचारलं, त्याने कागद न घेता उत्तर दिलं. पुढच्या पानावर तीच तऱ्हा, त्याच्या पुढच्या पानावरही. आळशी मूल पहिली तीन इतकी नेटकी सोडवत नाही. ज्याला गणित येत नाही, तो सातव्याचं तोंडी उत्तर देत नाही. ही वही अवधान कुठे सुटतं ते दाखवत होती, आणि शाळेत कुणी ती तशी वाचली नव्हती. मैदानावर हाच मुलगा खो-खोत ‘खो’ मिळण्याआधी उठायचा. नियम त्याला तोंडपाठ होता. फाऊल झाला की सगळ्यात जास्त तोच चिडायचा, स्वतःवर. घरी आईला विचारलं तर कळलं, बालवाडीपासून डबा, कंपास, स्वेटर, छत्री काही ना काही शाळेत राहतंच. कधीपासून, कुठेकुठे, काय नुकसान, तिन्हींची उत्तरं मिळाली.

मुलींचं दुखणं याहून वेगळं आहे आणि मला त्याची अधिक काळजी वाटते. लहान वयात निदान झालेल्यांत दर मुलीमागे साधारण दोन मुलगे असतात, आणि मुलींमध्ये बहुधा लक्ष न लागण्याचाच प्रकार दिसतो. ती बाकावर उभी राहत नाही, कुणाला ढकलत नाही. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसते, बाई काय म्हणाल्या ते शेजारणीच्या वहीतून उतरवते, सूचना अर्धीच ऐकून दुसऱ्याच धड्याचे प्रश्न लिहून आणते. तिला ‘स्वप्नाळू’, ‘वेंधळी’, फार तर ‘मठ्ठ’ म्हणतात. तिचा वर्गाला त्रास नाही, म्हणून तिच्याविषयी तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणून तपासणी नाही. आपल्याकडे मुलीने गप्प असणं हा गुणच मानतात, त्यामुळे ती आणखी उशिरा सापडते: आठवी-नववीत, अभ्यास वाढून सगळं कोसळायला लागतं तेव्हा. तोवर ती रात्री जागून जागून, रडून रडून गाडं ओढत असते. कुणी मला विचारलं की वर्गात आधी कुणाकडे बघू, तर मी या गप्प मुलीकडे बोट दाखवेन.

याचा अर्थ प्रत्येक चंचल मुलाच्या कपाळी हे नाव चिकटवावं, असा नाही. इंटरनेटवरची दहा प्रश्नांची चाचणी म्हणजे निदान नव्हे. अमेरिकेत २०१८ साली एका मोठ्या अभ्यासात दिसलं की जिथे शाळाप्रवेशाची मुदत १ सप्टेंबर आहे, तिथे वर्गात सर्वांत लहान ठरणाऱ्या ऑगस्टमधल्या मुलांना सर्वांत मोठ्या ठरणाऱ्या सप्टेंबरमधल्या मुलांपेक्षा हे निदान सुमारे एक तृतीयांश जास्त वेळा मिळालं. पहिली-दुसरीत अकरा महिने म्हणजे मोठंच अंतर. आपल्या शाळांनीही मुलाची जन्मतारीख बघितल्याशिवाय तोंड उघडू नये. शिवाय दिसायला असंच दिसणारं पुष्कळ काही असतं. फळा दिसत नसेल, एका कानाने ऐकू येत नसेल, सुजलेल्या टॉन्सिलमुळे रात्री घोरून झोपमोड होत असेल, अंगात लोह कमी असेल, वाचन-लेखनाची अक्षमता असेल, घरात भांडणं किंवा मारहाण असेल, तरी मूल असंच वागतं. काही सेकंद एकटक शून्यात बघून पुन्हा भानावर येणारं मूल फेपऱ्याचंही असू शकतं. म्हणून डोळे, कान, झोप, रक्त आणि घरची परिस्थिती बघून, शिक्षक आणि पालक दोघांकडून प्रश्नावल्या भरून घेऊनच निदान करायचं असतं. एका भेटीत चिठ्ठी लिहून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

निदान झालं म्हणजे लगेच गोळी, हीही एक धास्ती. सहा वर्षांच्या आतल्या मुलांत आधी पालकांना वागणुकीचं प्रशिक्षण देतात. त्यापुढे गरज पाहून औषध, तेही वागणूक आणि शाळेतल्या बदलांच्या जोडीने. मेथिलफेनिडेटवर आपल्याकडे कायद्याचं कडक नियंत्रण आहे, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. भूक मंदावणं, झोप उशिरा लागणं हे त्रास होतात, म्हणून वजन-उंची मोजत राहावी लागते. ज्या मुलांना ते लागू पडतं, त्यांचा फरक शिक्षकांनाही दिसतो.

तपासायचं कुठे, हा खेड्यापाड्यातल्या पालकांचा प्रश्न रास्त आहे. खासगी तपासणी महाग पडते. पण २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या तीस अवस्थांच्या यादीत एडीएचडी नावानिशी आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा वैद्यकीय पथक यावं, असं ठरलेलं आहे. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं आणि तिथे पैसे पडत नाहीत. पथक येतं तेव्हा वजन-उंची, दात, डोळे पटापट बघून होतात, कारण ते अंगावर दिसतं. पाऊण तासात सगळा वर्ग बघायचा असलेल्या अनोळखी डॉक्टरांना अवधान दिसणार नाही. ते वर्षभर बघितलेलं असतं वर्गशिक्षकांनी. म्हणून शिक्षकांना माझं सांगणं आहे: पथक येण्याआधी अशा मुलांची नावं काढून ठेवा, गप्प मुलींचीही. नावापुढे ‘मस्तीखोर’ लिहू नका. कधीपासून, कुठेकुठे आणि काय नुकसान होतंय, एवढं लिहा, आणि सोबत त्याची गणिताची वही द्या.