आखाजीआधी गळते नळ आपणच बदलू या

जळगाव आणि धुळे शहरांतील सर्व कुटुंबांना, सोसायट्यांच्या अध्यक्ष-सचिवांना आणि गल्लीबोळांतल्या तरुण मंडळींना हे जाहीर आवाहन आहे. येत्या आखाजीच्या आत आपल्या बाथरूममधला आणि संडासातला एकूण एक नळ तपासा. गळत असेल तर प्लंबरची वाट न पाहता स्वतः दुरुस्त करा, नाहीतर बदलून टाका.

आखाजीच म्हणण्याचे कारण उघड आहे. त्या दिवसांत पारा चढलेला असतो, लेकी माहेरी आलेल्या असतात, घरात माणसे वाढतात आणि टाकी तेवढीच राहते. धुळ्याला नकाणे, डेडरगाव, तापी आणि आता अक्कलपाडा इतक्या ठिकाणांहून पाणी येते, तरी धुळेकरांनी नळाची आठ-आठ दिवस वाट पाहिलेली आहे. जळगावलाही वाघूरचे पाणी रोज येईल असे कुणी धरून चालत नाही. म्हणून आपण गच्चीवर टाकी ठेवतो, खाली हौद बांधतो, ड्रम भरतो. रस्त्यावरची लाइन फुटली की महापालिकेला फोन करतो, निवेदन देतो. ते करायलाच हवे. पण नळ येऊन गेल्यावर टाकीत उरलेले पाणी आपल्या ताब्यातले असते. ते रात्रंदिवस ठिबकत राहिले तर तक्रार कुणाकडे करणार?

सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाकाठी चार लिटरच्या वर पाणी जाते. ते निदान दिसते. फ्लशच्या टाकीची गळती मात्र दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. रात्री झोपण्यापूर्वी त्या टाकीत चिमूटभर खाण्याचा रंग टाका आणि फ्लश न करता पंधरा-वीस मिनिटे थांबा. भांड्यात रंग उतरला तर आतला रबरी वॉशर गेला असे समजा. तो हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो; जुना सोबत नेऊन मापाला माप जुळवून घ्या.

नवशिक्यांनी सुरुवात शॉवरपासून करावी. बोअरच्या पाण्याच्या क्षाराने त्याची भोके बुजतात. तो हाताने फिरवून काढता येतो, काही वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून ब्रशने घासला की बहुतेक वेळा मोकळा होतो. मग बेसिनखालचा कनेक्शन पाइप बदलून पाहा. हात बसला की बिब कॉक, म्हणजे भिंतीतला साधा नळ, बदलायला घ्या.

बिब कॉक बदलताना आधी गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून पाइपातले पाणी काढून टाका. जुना नळ डावीकडे फिरवून काढा. भिंतीतल्या एल्बोच्या आट्यांत अडकलेली जुनी टेप आणि क्षार टूथब्रशने नीट काढा. घाईत हेच राहून जाते. नव्या नळाची भिंतीलगतची चकती आधी चढवा. मग आटे आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने टेफ्लॉन टेपचे दहा-पंधरा वेढे ताणून द्या. उलटे वेढे नळ बसवताना सुटतात. नळ हातानेच बसवत जा, अगदी शेवटी कापड गुंडाळून पान्हा लावा. तोंड सरळ खाली येण्याऐवजी थोडे पुढे गेले तर मागे फिरवू नका. मागे फिरवले की टेपची पकड ढिली होते आणि गळती तिथूनच सुरू होते. नळ पूर्ण काढा, नवी टेप लावा, पुन्हा बसवा. टेपची गुंडाळी स्वस्त आहे, पाणी नाही.

आपण कुठे थांबायचे हेही स्पष्ट सांगतो. जुन्या घरांत लोखंडी जीआय पाइप आहेत, आतून गंजलेले. नळ हलत नसेल तर जोर लावू नका. निपल भिंतीतच तुटली तर टाइल्स फोडाव्या लागतात. गीझरच्या वायरिंगला आणि सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. महापालिकेच्या लाइनवरून घराकडे येणारी जोडणीही आपली नव्हे. आणि नळाला थेट मोटार लावू नका; त्याने शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढले जाते.

यात प्लंबरच्या पोटावर पाय देण्याचा विचार नाही. वॉशरएवढ्या कामासाठी त्याला वेळ मिळत नाही आणि आपण महिना महिना बादली लावून बसतो. प्रत्येक कॉलनीने एका रविवारी आपल्या ओळखीच्या प्लंबरला, किंवा आयटीआयमधून नळ कारागीर झालेल्या मुलाला बोलवावे, त्याची दिवसाची मजुरी द्यावी आणि जुन्या एल्बोवर नळ काढ-घाल करून दाखवायला सांगावे. पाणी भरण्याचे काम बहुतेक घरांत बायकांकडे असते आणि कोणता नळ कधीपासून ठिबकतो हे त्यांनाच ठाऊक असते, म्हणून पान्हा आधी त्यांच्या हाती जावा. आपले पाणी आपणच सांभाळण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे: पांझरेकाठच्या सामूहिक सिंचनाच्या फड पद्धतीत पाटाचा गाळ काढायला ज्यांच्या शेतात पाणी जायचे तेच उतरत. देवपुरातल्या किंवा पिंप्राळ्यातल्या आपल्या घरापुरते तेवढे आपल्यालाही जमेल.

तरुण मंडळांना एक वेगळी विनंती. ज्यांची मुले नोकरीसाठी पुण्याला, सुरतेला आहेत असे आई-वडील प्रत्येक गल्लीत आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना गच्चीवर चढून व्हॉल्व्ह बंद करता येत नाही, म्हणून नळ तसाच गळत राहतो. दोघे-दोघे मिळून त्यांच्या घरी जा. व्हॉल्व्ह बंद करण्यापूर्वी त्यांना दोन बादल्या भरून द्या. काम झाल्यावर सांध्याला कोरडा कागद लावून ओल येते का पाहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा डोकावून या.