कारखान्याचा कर माफ झाला, कोयत्याच्या पदरात काय पडलं?

दसरा उरकला की पाथर्डी-शेवगावकडच्या वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. भांडीकुंडी, शेळी, लेकरं ट्रॉलीत चढतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, अशी मुकादमाच्या वहीत नोंद होते. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची.

या कोयत्याचा आणि कारखान्याच्या करांचा संबंध काय?

अमेरिकेतल्या मराठी वाचकाला राज्याचा कंपनी कर ठाऊक असतो. नॉर्थ कॅरोलिना तो 2030 पर्यंत शून्यावर आणायला निघालं आहे आणि कर उतरला की पगार चढतो, असं सांगितलं जातं. सुआरेझ सेराटो आणि झायडर या अर्थतज्ज्ञांनी 2016 मध्ये हिशेब मांडला तेव्हा अशा कपातीचा सुमारे 40 टक्के फायदा मालकांकडे आणि 30 ते 35 टक्के कामगारांकडे गेल्याचं निघालं, उरलेला जमीनमालकांकडे. कामगाराला वाटा मिळतो, कारण कंपन्या वाढल्या की त्यांना माणसं ओढावी लागतात आणि तो जास्त पगाराच्या जागी जाऊ शकतो.

भारतात नफ्यावरचा कर केंद्राचा. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातला त्याचा मोठा वाद साखरेचा होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला, तेव्हापासून सभासदाला चांगला भाव देणं हेच सहकाराचं काम मानलं गेलं. प्राप्तिकर खातं मात्र म्हणत राहिलं, की सरकारी दरापेक्षा जास्त दिलेला भाव म्हणजे वाटलेला नफा. त्यावर कर भरा. नोटिसांचे ढीग साचले. अखेर 2023 च्या अर्थसंकल्पात जुन्या वर्षांचा हा भाव खर्च म्हणून धरायला मुभा मिळाली आणि सहकारी कारखान्यांना जवळपास 10,000 कोटींचा दिलासा मिळाला.

दिलासा योग्यच होता. त्यातला बराचसा पैसा हातात आलेला नव्हता, डोक्यावरचं ओझं उतरलं होतं, हेही खरं. पण ओझं उतरलं ते कारखान्याचं आणि सभासदाचं. फडातल्या मजुराचं नाव या हिशेबात कुठेच नव्हतं. शिवाय उचल घेतलेला मजूर फड सोडून दुसऱ्या कारखान्याकडे जाणार कसा? त्याला ओढून घ्यायला कुणी जास्त भाव लावत नाही, कारण तो आधीच बांधलेला असतो. अमेरिकेतल्या हिशेबातला कामगाराचा वाटा इथे याच गाठीपाशी अडतो.

त्याची मजुरी वाढली ती जानेवारी 2024 मध्ये, संघटनांनी रेटा लावल्यावर आणि शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या बैठकीनंतर. वाढ 34 टक्क्यांची, करार तीन वर्षांचा. गाळपाच्या प्रत्येक टनामागे 10 रुपये गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी घ्यायचं ठरलं, तेही सरकारी निर्णयानं. म्हणून पुढच्या कराराला बसताना संघटनांनी साखरेच्या भावाबरोबर कारखान्याच्या करसवलतीचा आकडाही मागून घ्यावा आणि त्यातला कोयत्याचा वाटा टनामागे किती रुपये, हे करारातच लिहून घ्यावं.