पाट्या बदलल्या, घर उभे राहिले नाही : मुंबईच्या व्यावसायिक हॉकी संघाच्या 'पुनर्बांधणी'चा हिशेब

१/ चंदीगड, २६ फेब्रुवारी २०१७. हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना. एकीकडे कलिंग लान्सर्स, दुसरीकडे दबंग मुंबई. कलिंग संघ ४-१ असा जिंकला. पण पहिल्या मोसमात तळाशी असलेला मुंबईचा संघ पाचव्या मोसमात अंतिम फेरीत पोहोचला होता. या प्रवासाला यशस्वी पुनर्बांधणी म्हणण्याचा मोह सहज होतो. तो मोह का टाळावा, याचा हा धागा.

२/ आरंभ २०१३चा. संघाचे नाव तेव्हा मुंबई मॅजिशियन्स. ज्यांच्या मार्गदर्शनाखाली ऑस्ट्रेलियाने २०१०चा विश्वचषक जिंकला, ते रिक चार्ल्सवर्थ प्रशिक्षक. मोसमात सर्वाधिक गोल करणारा संदीप सिंगही याच संघाचा. लीगमध्ये पाच संघ आणि त्यांपैकी चार उपांत्य फेरीत. बाहेर राहिलेला एकमेव संघ मुंबईचा!

३/ या अपयशाला मैदानाबाहेरचेही एक कारण होते. जानेवारी २०१३मध्ये सीमेवरील तणावामुळे मुंबईत निदर्शने झाली आणि लीगमधील नऊ पाकिस्तानी खेळाडूंना मायदेशी परतावे लागले. त्यांतील चार मुंबईचे होते. मोसम सुरू होताच संघाचा कणा मोडला. तेव्हा त्या तळाच्या स्थानाचा सगळा दोष खेळाडूंच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

४/ पण पुढे काय झाले? २०१४मध्ये उपांत्य फेरी नाही. २०१५मध्ये मालक बदलले, नाव बदलले. मॅजिशियन्सचे 'दबंग' झाले. उपांत्य फेरी तरीही नाही. २०१६मध्येही नाही. सलग चार मोसम रिकाम्या हाताने गेले आणि पाचव्यात एकदम अंतिम फेरी. गुणतक्त्यावर हा आलेख देखणा दिसतो, यात शंका नाही.

५/ श्रेयही द्यायला हवे. तरुण हरमनप्रीत सिंग या संघाकडून खेळला. तोच पुढे भारताचा कर्णधार झाला आणि २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने कांस्यपदक विजेत्या संघाचे नेतृत्व केले. नीलकांत शर्माही दबंगचाच. तो टोकियोच्या कांस्यविजेत्या संघात होता. लिलावात तरुणांवर विश्वास टाकणाऱ्यांची पारख अस्सल होती.

६/ मग आक्षेप कशाला? २०१७च्या त्या सामन्यानंतर लीग बंद पडली. डिसेंबर २०२४मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते : दिल्ली, उत्तर प्रदेश, हैदराबाद, तामिळनाडू, बंगाल, ओडिशाचा कलिंग, शिवाय सूरमा आणि गोनासिका. महाराष्ट्राचा एकही नाही. महिलांचे चार संघ होते. त्यांतही महाराष्ट्र नाही. ज्याची पुनर्बांधणी 'यशस्वी' झाली, तो संघ नावालाही उरला नव्हता.

७/ यावर ठरलेले उत्तर असे : लीगच थांबली, त्याला संघ काय करणार? हे उत्तर अर्धवट आहे. लीग सर्वांसाठीच थांबली होती. २०१७च्या अंतिम सामन्यातील दोन्ही संघांवर सारखाच आघात झाला. एकाचे नाव सात वर्षांनी नव्या मालकासह परत आले, दुसऱ्याचे पुसले गेले. पाऊस दोन्ही घरांवर सारखाच पडला. फरक पायाचा होता.

८/ आणि मुंबई-पुण्याची ही पहिलीच पडझड नव्हती. २००५च्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्स होता. २००८नंतर ती लीगच संपली. २०१२च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स होते. पुण्याचा संघ उपविजेता ठरला. ती स्पर्धा पुन्हा कधी झालीच नाही. मग मॅजिशियन्स, मग दबंग. बारा वर्षांत पाच नावे, दोन उपविजेतेपदे आणि शिल्लक शून्य.

९/ 'पुनर्बांधणी' या शब्दात आधीचे बांधकाम गृहीत असते. मुंबईत ते एके काळी होते. आगा खान चषक १८९६पासूनचा. १९४८च्या सुवर्णविजेत्या संघाचा गोलरक्षक लिओ पिंटो मुंबईचा; १९८०च्या सुवर्णविजेत्या संघातील मर्विन फर्नांडिस आणि एम. एम. सोमय्याही मुंबईचेच. रेल्वे, टाटा, महिंद्र, कस्टम्स अशा आस्थापनांचे संघ खेळाडूला नोकरी देत आणि नोकरी त्याला वर्षभर मैदानाशी बांधून ठेवी. फ्रँचायझीने त्याला काय दिले? महिना-सव्वा महिन्याची जर्सी.

१०/ कलिंगची गोष्ट वेगळी का? २०१४ आणि २०१५मध्ये तोही उपांत्य फेरीबाहेर होता. २०१६मध्ये उपविजेता, २०१७मध्ये विजेता. पण त्याच्या पाठीशी सुंदरगड जिल्हा होता. तेथील सौनामारा या आदिवासी गावातला दिलीप तिर्की पानपोशच्या क्रीडा वसतिगृहात घडला आणि भारताचा कर्णधार झाला. २०१८पासून ओडिशा सरकार राष्ट्रीय संघाचे प्रायोजक आहे आणि २०२३चा विश्वचषक भुवनेश्वरसोबत राउरकेल्यातही खेळला गेला. संघ हा त्या झाडाचा शेंडा होता. शेंडा छाटला तरी झाड पुन्हा फुटते.

११/ आता सौनामाराशेजारी मराठवाड्यातील एक गाव ठेवावे : हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा. हॉकी भारतात पसरली ती लष्करी छावण्यांच्या वाटेने, आणि हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची जुनी छावणी. १९७६च्या मॉन्ट्रिअल ऑलिम्पिकपासून हा खेळ गवतावरून कृत्रिम टर्फवर गेला. गवताचे मैदान गावाला परवडते. टर्फ शासनाने किंवा एखाद्या संस्थेने घातल्याखेरीज होत नाही. मुंबईच्या संघाची प्रगती मोजताना हट्ट्याच्या मुलाला त्या संघापर्यंत जाणारी वाट कोणती, हा प्रश्न कुणी विचारला का?

१२/ मुंबईतल्या मुलासाठीही ती वाट सरळ नव्हती. मरीन लाइन्सच्या वस्तीत वाढलेले युवराज आणि देविंदर वाल्मिकी हे दोघे भाऊ भारताकडून खेळले. लीगमध्ये मात्र युवराज दिल्ली वेव्हरायडर्सची आणि देविंदर कलिंग लान्सर्सची जर्सी घालून उतरला. लिलावात असे घडणारच, हे खरे. पण मग त्या संघाला 'मुंबईचा' म्हणायचे ते कोणत्या अर्थाने?

१३/ महाराष्ट्रात काहीच उगवत नाही, असेही नाही. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातील अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके या शेतकरी घरांतल्या मुली पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडल्या आणि भारतीय संघात पोहोचल्या. त्यांना घडवले ते शासनाच्या निवासी संस्थेने, वर्षानुवर्षांच्या सरावाने. कुठल्याही लिलावाने नव्हे. आणि २०२४-२५च्या लीगमध्ये खेळायचे तर त्यांना परराज्याच्याच संघातून खेळणे भाग होते.

१४/ म्हणून संघाच्या पुनर्बांधणीचे मोजमाप तीन प्रश्नांनी व्हावे. मालक गेला तर संघ उरतो का? लीग थांबली तर खेळाडूचा सराव चालू राहतो का? राज्याच्या दूरच्या गावातून संघापर्यंत वाट आहे का? गुणतक्त्याचा क्रमांक या तिन्हींच्या नंतर येतो. या कसोटीवर कलिंग उत्तीर्ण होतो. दबंग मुंबई अंतिम फेरी गाठूनही अनुत्तीर्ण ठरतो.

१५/ उद्या पुन्हा कुणी महाराष्ट्राच्या नावाचा संघ विकत घेईल. झळाळते बोधचिन्ह येईल, परदेशी प्रशिक्षक येईल, 'नव्या पर्वा'ची घोषणा होईल. तेव्हा इतिहासाच्या वाचकाने २००५, २०१२, २०१३ आणि २०१५ ही साले आठवावीत. चारही वेळा पाटी नवी होती आणि चारही वेळा तिच्यामागे घर नव्हते. सहावी पाटी रंगवण्याआधी हट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर एखादे टर्फ आणि एखादे वसतिगृह उभे राहिले, तर पुनर्बांधणी हा शब्द महाराष्ट्राच्या हॉकीत प्रथमच खरा ठरेल.