वैरणीचा हिशेब

नेपियर गवताची कापणी झाली की लगोलग त्यावर युरिया पडतो आणि मागोमाग पाणी. दीड-दोन महिन्यांत गवत पुन्हा डोक्याएवढे होते. पुन्हा कापणी, पुन्हा युरिया, पुन्हा पाणी. नगर, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर या दूधपट्ट्यात गोठ्यामागच्या पाच-दहा गुंठ्यांत हे चक्र बारमाही चालू असते. एका संकरित गाईला दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवी वैरण लागते, म्हणजे वर्षाला सात ते नऊ टन. त्यासाठी पाच-सहा गुंठे चांगली बागायत जमीन अडकते. या गुंठ्यांचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही. संकलन केंद्रावर मिळणाऱ्या पावतीवर लिटर असतात, फॅट असते, एसएनएफ (फॅटखेरीजचे घनपदार्थ) असते, दर असतो. त्या दुधामागे किती पाणी उपसले, किती खत टाकले, याची नोंद ना पावतीवर असते ना राज्याच्या दुग्धधोरणात.

हा हिशेब आता मांडावाच लागेल. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २४ कोटी टन दूध निघाले. जगात आपला पहिला क्रमांक आहे आणि तो कष्टाने मिळवलेला आहे. आता केंद्र सरकारच्या ‘श्वेतक्रांती २.०’मध्ये सहकारी संस्थांचे दूध संकलन पाच वर्षांत ५० टक्क्यांनी वाढवायचे ठरले आहे. चारापिकांखालचे क्षेत्र मात्र कित्येक दशके एकूण पीकक्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपासच घुटमळते आहे. मग वाढीव दुधाची वैरण येणार कुठून? आहे त्याच जमिनीवर आणखी खत ओतून आणि विहिरी-बोअरचे आणखी पाणी उपसून. दुसरा मार्ग धोरणकर्त्यांनी अजून दाखवलेला नाही.

दूधधंदा आणि हवामानबदल यांची चर्चा निघाली की ती जनावराच्या रवंथातून बाहेर पडणाऱ्या मिथेनपाशी थांबते. मिथेनचा वाटा मोठा आहे, यात वाद नाही. भारताच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे १४ टक्के शेतीतून येतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक गुराढोरांच्या पोटातून. पण गाईच्या तोंडात घास जाण्याआधीच शेतात जे घडते, ते या चर्चेत येत नाही. युरियाची ४५ किलोची एक गोणी घ्या. तिच्यात जवळपास २१ किलो नत्र असते. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या ढोबळ सूत्राप्रमाणे जमिनीत टाकलेल्या नत्रापैकी एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जाते. एक टक्का म्हणजे किरकोळ वाटेल. पण हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक. एका गोणीतून असा सुमारे ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार हवेवर पडतो. कारखान्यात युरिया बनवताना जळालेला नैसर्गिक वायू यात धरलेलाच नाही. पाण्याचेही तेच. पाच एचपीची मोटर दहा तास चालली की ३७ युनिट वीज जाते आणि मुख्यतः कोळशावर चालणाऱ्या आपल्या ग्रीडच्या विजेत एका युनिटमागे सरासरी पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो. सौरपंप आले की हा कोळसा वाचेल आणि ते यायलाच हवेत. पण बोअरची पातळी सौरपंपाने वर येणार नाही. उलट दिवसभर फुकट पाणी मिळू लागले की उपसा वाढण्याचीच धास्ती आहे.

म्हणून हिरवी वैरण बंद करा, असे कोणी म्हणत असेल तर त्याला गोठा ठाऊक नाही. निव्वळ वाळल्या, निकस चाऱ्यावर जगणारी गाय दूध कमी देते आणि दर लिटरमागे मिथेन जास्त सोडते. चांगला हिरवा चारा मिळाला की तेच मिथेन अधिक दुधावर विभागले जाते. एकीकडे लिटरमागचे मिथेन घटते, दुसरीकडे नायट्रस ऑक्साइड आणि उपसा वाढतो. म्हणून दोन्ही बाजू एकाच वहीत मांडल्या पाहिजेत. आज पशुसंवर्धन खाते दूध मोजते, कृषी खाते पीक मोजते, जलसंपदा खाते पाणी मोजते आणि वैरण तिघांच्या मधल्या फटीत पडते.

या फटीत आपण काय गमावले, ते गावात फिरले की दिसते. घरामागची कडब्याची गंजी गेली. ज्वारी हे दुहेरी पीक होते. दाणा माणसाला, कडबा जनावराला. रब्बीची ज्वारी काळ्या जमिनीतल्या ओलीवर वाढायची, मंगळवेढ्याच्या शिवारात आजही वाढते. जे थोडे खत-पाणी लागे ते दाण्यासाठीच असे, वैरण त्याच खर्चात हाती येई. हवामानाच्या हिशेबात याहून स्वस्त चारा नाही. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले आणि खरिपात बुटक्या, भरघोस दाण्याच्या ज्वारीचे दिवस सुरू झाले. भुकेच्या त्या काळात दाण्याकडे पाहणे योग्यच होते. कडब्याकडे पाहायचे मात्र राहून गेले. पुढे रेशनवर गहू-तांदूळ आला, मराठवाडा-विदर्भात खरीप ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. सोयाबीनच्या भुसकटाला जनावर नाइलाज असल्याशिवाय तोंड लावत नाही. रब्बीत मालदांडी ज्वारीने तग धरला, पण तिची काढणी हाताने उपटून करायची, पेंढ्या बांधायच्या, कणसे खुडायची. एवढ्या कष्टाला मजूर मिळत नाहीत. हमीभाव आहे तो दाण्याला, कडब्याला नाही. शेतकऱ्याने ज्वारी सोडली याचा दोष त्याला देता येणार नाही.

ज्वारी गेल्याची किंमत दुष्काळात कळते. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१८-१९ मध्ये बीड, नगर, सोलापूरच्या चारा छावण्यांतून जनावरांपुढे काय पडत होते? ऊस. एरवी सर्वाधिक पाणी पिणारे पीक, पाणी संपलेल्या तालुक्यांतल्या जनावरांसाठी ट्रकने शेकडो किलोमीटर आणले जात होते. एरवीही हंगामात उसाचे वाढे हाच हजारो गोठ्यांचा आधार असतो. त्या वाढ्यांतले ऑक्झॅलेट जनावराच्या अंगचे कॅल्शियम ओढून घेते, हे पशुवैद्य वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

करता येण्याजोगे बरेच आहे. ज्वारीच्या वाणाची निवड करताना दाण्याइतकेच गुण कडब्याच्या प्रतीला आणि वजनाला द्यायला हवेत. कडबा शाबूत ठेवून कापणी करणारे, आठ-दहा शेतकऱ्यांना मिळून परवडेल असे यंत्र ही आजची सर्वांत तातडीची गरज आहे. दूध संघांनी आणि कृषी विद्यापीठांनी ती उचलून धरावी. मक्यात चवळी मिसळून पेरली तर मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरतात, युरिया वाचतो आणि वैरणीत प्रथिने वाढतात. लसूणघासही नत्र धरतो, पण महिन्या-महिन्याला कापणी देणारे हे पीक पाणी भरपूर पिते. पाण्याची तूट असलेल्या तालुक्यात त्याची शिफारस डोळे मिटून करू नये. कुट्टी करून घातली तर कडब्याचे बुडखे गव्हाणीत वाया जात नाहीत. शेण उकिरड्यावर उघडे वाळत न पडता गोबरगॅसमधून स्लरी होऊन त्याच गुंठ्यांत परतले, तर युरियाची निम्मी गोणी तरी कमी होईल. आणि गावोगावची गायराने, जी अतिक्रमणात आणि प्रकल्पांत चालली आहेत, ती राखणे हे वैरणीचेच धोरण आहे.

या सगळ्याचा बोजा दोन गाई असलेल्या कुटुंबावर टाकून चालणार नाही. दुधाच्या खर्चात साठ-सत्तर टक्के वाटा खाद्य-वैरणीचा असतो. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाचा दर ज्या घराला सहा महिनेही स्थिर मिळत नाही, त्या घरातल्या बाईने पहाटे वैरण कापता कापता पृथ्वीच्या तापमानाची काळजी वाहावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ती युरिया टाकते कारण पुढची कापणी लवकर आली नाही तर गाय आटेल आणि पतसंस्थेचा हप्ता चुकेल. दूध संघ फॅट-एसएनएफनुसार दर देतातच. कमी पाण्याची, द्विदल मिसळलेली वैरण घालणाऱ्या गोठ्याला लिटरमागे काही जादा देण्याची सुरुवात त्यांनीच करावी आणि सरकारने तेवढ्या रकमेची हमी घ्यावी. दर कोसळल्यावर दुधाला अनुदान देण्याचा मार्ग राज्याने २०२४ मध्ये धरला होता. तशा अनुदानातला एक भाग वैरणीकडे वळवता येईल.

रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. कडब्याच्या वाणाचे बियाणे, कापणी यंत्राचे भाडेदर आणि दूध संघाचा जादा दर, तिन्ही गोष्टी हस्ताचा पाऊस पडायच्या आत गावच्या दूध संस्थेच्या फळ्यावर लागल्या, तर या हंगामात काही एकर तरी ज्वारीकडे परततील.