शेठ आमदार झाला, माप तेच राहिलं!



निवडणूक आली की शेठची जीप पाड्यावर येते. हात जोडलेले, तोंडात "माझे आदिवासी बंधू". हा बंधू मोठा कसा झाला, ते विसरू नका. नाव लिहीत नाही. ज्याला त्याला आपला शेठ ओळखता येईल.

बाप मीठ-मिरचीचं गाठोडं पाठीवर घेऊन बाजाराला यायचा. पोरानं रस्त्याला दुकान टाकलं. आखाडात घरात दाणा नाही, तेव्हा शेठनं खावटी दिली. एक मण दिलं, कापणीला दीड मण नेलं. द्यायचं माप वेगळं, घ्यायचं वेगळं. लग्नाला पैसे दिले, कागदावर अंगठा घेतला. अंगठ्याच्या वर काय लिहिलं ते शेठला माहीत, तलाठ्याला माहीत. आपल्याला कळलं तेव्हा सातबारावर नाव शेठचं, अन् आपण आपल्याच शेतात मजूर!

मग गवताचा धंदा, लाकडाचा ठेका, ट्रक, भाताची गिरणी. 1962 ला पंचायत समित्या आल्या, शेठ तिथं शिरला. तिथून जिल्हा परिषद, तिथून विधानसभा. जागा राखीव असली तर स्वतः उभा राहत नाही. आपल्यातलाच एक उधारीवाला उभा करतो. खुर्चीत तो, दोरी शेठच्या हातात.

त्याच विधानसभेत 1975 चा कायदा क्रमांक 14 झाला. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असेल, तर ती परत मिळायची. शेठ मुंबईत या कायद्याचं गुणगान करतो, अन् तहसीलला आपल्याविरुद्ध वकील उभा करतो. 6 जुलै 1974 च्या आधीपासून बिगरशेती वापर असेल तर जमीन परत मिळत नाही, ही फट त्याला पाठ आहे. म्हणून भाताच्या खाचरात कागदोपत्री गोदाम दिसलं तर गप्प बसू नका. जागेवर पंचनामा मागा, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यायला लावा.

सातबारा अन् फेरफाराची नक्कल काढा. एकटे जाऊ नका, पाडाच्या पाडा तहसीलवर न्या. जीप आली तर शेठला एकच विचारा : "आमच्या जमिनीवर तुझं नाव कोणत्या फेरफारानं लागलं?"

दुकानाची उधारी मतानं फेडायची नाही.

जमीन आमच्या हक्काची!