कोळिष्टके आणि उरलेले औषध

माळ्यावर जळमटे दिसली की कपाशीचे उरलेले औषध पंपात घालून घरातच मारायचे, असे काही ठिकाणी चालते. हे मुळीच करू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उघड्या शेतात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. इथे तर बंद खोली, पाळणा आणि पिठाचा डबा!

शिवाय एवढे करून कोळी सहसा हटत नाही. तो आठ पायांच्या टोकांवर चालतो, अंग भिंतीला टेकवत नाही. भिंतीवरचे औषध त्याला फारसे लागत नाही. अंडीही रेशमी पुरचुंडीत जपलेली असतात, कधी एकेकीत शंभरावर. तेव्हा लांब काठीला केरसुणी बांधून जाळे पुरचुंडीसकट उतरवावे व चुलीत टाकावे. दाराशी रात्रभर दिवा ठेवू नये. दिव्याला किडे येतात, किड्यांमागे कोळी.

दुकान-गोदामासाठी फवारणीवाला बोलवायचाच, तर आधी त्याचा परवाना पाहावा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली तो लागतो. औषधाचे नाव लिहून घ्यावे, धान्य अगोदर हलवावे. गोठ्यातला कोळी मात्र राहू द्यावा, माश्या तोच खातो.